तू म्हणशील तसं

आमच्या घरात तीन आठवडे कोणी भांडले नाही, आणि त्यामुळे सगळ्यांची झोप उडाली होती.

माझी सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे काम करते. हे काम ती ज्यांच्या हाताखाली शिकली, ते तिचे सर तिकडे आमच्या गावी स्वतःचे दुकान चालवतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा फोन आला. "पोरी, मी आता थकलो. परत ये आणि माझं दुकान सांभाळ. घाई नाही, पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, तुमच्याकडे पाच वाजले की मी फोन करीन. हो की नाही तेवढं सांग."

पाच वर्षांपूर्वी सूनबाईला इथे नोकरी लागली, म्हणून आम्ही सगळे बिऱ्हाड उचलून परदेशी आलो होतो. ती, माझा मुलगा, दोन नाती आणि मी. आता परत जायचे की राहायचे, एवढाच प्रश्न. उत्तर हो किंवा नाही. दुसरीतल्या पोरालाही सुटावा असा. पण आमच्या दोन थोरांना तो सुटत नव्हता.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून गप्पा मारून तो त्यांना हसवतो. इतका बोलका माणूस, पण बायकोपुढे त्याला एकच वाक्य आठवायचे.

"तू म्हणशील तसं."

"छे, तू म्हणशील तसं," सूनबाई म्हणायची.

"माझं काय, मी कुठेही राहीन."

"मीसुद्धा."

"मग झालं तर."

"काय झालं?"

"तू म्हणशील तसं झालं."

यानंतर दोघेही माझ्याकडे वळायचे आणि दवाखान्यात बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणायचे, "अण्णांचाही विचार करायला हवा." मी एक उसासा टाकायचो. तो प्रश्न तिथेच बसायचा, पाय पसरून.

असे करता करता तो रविवार उजाडला. दुपारचे चार वाजले. चहाचे कप टेबलावर होते आणि सगळ्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. थोरली नात अकरा वर्षांची आहे. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण तिला "दात घास" म्हटले तरी ती "का?" विचारते आणि उत्तर पटल्याशिवाय ब्रश हातात घेत नाही. धाकटी सहा वर्षांची. तिचा आवाज असा, की तिचे नाव भोंगा पडले.

वकीलबाईने कप खाली ठेवला. "आई, तुझ्या दुकानात असा माणूस येतो का गं, कोणतीही काच दाखवली तरी 'दोन्ही सारखंच' म्हणणारा?"

"रोज येतात. बिचारे मला बरं वाटावं म्हणून उत्तर देतात. माझ्याच तोंडाकडे बघत बसतात."

"मग तू काय करतेस?"

"भराभर विचारते. पहिलं की दुसरं, पहिलं की दुसरं. विचार करायला वेळच द्यायचा नाही. आणि मध्येच एकदा दाखवलेली काच परत दाखवायची. उत्तर बदललं की समजायचं, स्वारी अंदाजपंचे ठोकतेय."

बोलता बोलता सूनबाई थांबली. आई आणि लेक एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग सूनबाई तडक उठली आणि कपाटातून तिची काचांची पेटी घेऊन आली.

माझा मुलगा म्हणाला, "हे काय चाललंय?"

"बस तिथे," ती म्हणाली. "हलू नकोस."

डोळे तपासताना घालतात ती जड, गोल फ्रेम तिने त्याच्या नाकावर चढवली. वकीलबाई वही घेऊन बसली. भोंग्याला काम दिले नव्हते, म्हणून ती टेबलाखाली जाऊन पप्पांचे गुडघे धरून बसली, "पेशंट पळू नये म्हणून."

"पटकन उत्तर द्यायचं. बाल्कनी की अंगण?"

"अंगण."

"इथली शाळा की तिथली?"

"तिथली."

"कामावर सातला जायचं की दहाला?"

"हा काय प्रश्न झाला? दहाला!"

"पोहायचं की सायकल?"

"सायकल."

"इथली शाळा की तिथली?"

"इथली."

"पकडला!" टेबलाखालून भोंगा वाजला. कपांतला चहा हिंदकळला.

वकीलबाईने पेन्सिल रोखली. "पप्पा, तुम्ही आईच्या भुवया वाचताय. पहिल्यांदा शाळा म्हणताना तिची डावी भुवई खाली होती, आता वर गेली."

"मी कुठे भुवया बिवया..."

"तुझ्या भुवया बारा वर्षं वाचतोय तो," मी म्हणालो. "त्याला दुसरं वाचनच नाही."

सूनबाईने पेटीतून दोन काळ्या चकत्या काढल्या. एक डोळा झाकून दुसरा तपासायचा असतो, तेव्हा ती एक चकती वापरते. या वेळी तिने दोन्ही बसवल्या.

"दिवे गेले," मुलगा म्हणाला.

"आणि आई, तू बोलायचं नाहीस," वकीलबाई म्हणाली. "ते आवाजावरूनसुद्धा ओळखतील. मी विचारते. पप्पा, इथली शाळा की तिथली?"

"इथली."

"अंगण की बाल्कनी?"

"बाल्कनी."

"लिफ्ट की चष्म्याचं दुकान?"

"लिफ्ट! अगं, कालच मला चाळीस मजल्यांच्या इमारतीचं काम मिळालंय. आठ लिफ्ट! एकीला तर असा झटका येतो ना, की..." त्याने जीभ चावली. "पण हिला सरांचं दुकान मिळतंय, तर मी कशाला..."

"भाषण नको, पप्पा. इथे की तिथे?"

"इथे," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. शिक्षा ऐकायला उभा राहिलेल्या मुलासारखा.

सूनबाईने तोंडावर हात धरला होता. हाताच्या आड ती हसत होती की काय करत होती, मला कळले नाही.

"आता आजोबा," वकीलबाई म्हणाली.

"माझं कशाला? माझं सगळ्यांना ठाऊकच आहे."

"साक्ष सगळ्यांची व्हायला हवी."

ती फ्रेम नाकावर भलतीच जड लागते. चकत्या बसल्या आणि मिट्ट काळोख झाला. टेबलाखालून भोंग्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आजोबा, इथे की तिथे?"

"तिथे," मी म्हणालो आणि सवयीने उसासा टाकला.

"इथली सकाळ की तिथली?"

"तिथली."

"खिडकीजवळ की दाराजवळ?"

"खिडकी."

"शनिवारी वाचनालयात जायचं की नाही जायचं?"

"म्हणजे काय? जायचंच!" मी खुर्चीत ताठ झालो. "या शनिवारी तिथल्या पोरांना अपूर्णांकांचा भागाकार शिकवायचाय. अर्ध्याला पावने भागलं की उत्तर दोन येतं, यावर त्या वेण्यांवाल्या मुलीचा विश्वासच बसत नाही. म्हणते, आजोबा, भागल्यावर वाढेल कसं? मी पंधरा कागदी पट्ट्या कापून ठेवल्यात. अर्ध्या पट्टीत पाव पट्टी किती वेळा मावते, हे तिने स्वतः ठेवून बघितलं की..."

"तिथे की इथे?"

"इथे!"

मला काहीच दिसत नव्हते.

"अण्णा," मुलाचा आवाज आला, "तुम्ही 'इथे' म्हणालात."

"म्हणालो वाटतं."

"पाच वर्षं उसासे टाकताय तुम्ही!"

"अरे, मग टाकायला नकोत? परदेशी आलेल्या म्हाताऱ्याने उसासा टाकला नाही, तर बरं दिसतं का ते?"

आता सगळेच सांगून टाकावे लागले. मी छत्तीस वर्षे मुलांना पत्रलेखन शिकवले. वडील माणसांना पत्र लिहिताना सुरुवातीला जसा नमस्कार, तसे परगावाहून लिहिलेल्या पत्राच्या शेवटी घराच्या ओढीचे एक वाक्य हवेच, असे मी फळ्यावर लिहून द्यायचो. सर माझे जुने स्नेही. दर महिन्याला मी त्यांना पत्र लिहितो आणि दर पत्राच्या शेवटी ते वाक्य घालतो. 'घराची ओढ स्वस्थ बसू देत नाही. कधी एकदा परततो असे झाले आहे.'

"दर महिन्याला?" सूनबाईने विचारले.

"पद्धतच आहे तशी."

"म्हणजे पाच वर्षांत साठ वेळा?"

"दोन-चार पत्रं कमी असतील. मध्ये मला ताप आला होता."

आधी माझा मुलगा हसला. मग सूनबाई. मग टेबलाखाली काहीही न कळता भोंगा. मी चकत्यांच्या आड बसून होतो आणि माझ्या नाकावर ती फ्रेम गदागदा हलत होती, तेव्हा कळले की मीही हसतोय. मी ती काढून टेबलावर ठेवली.

"झालं मग," मुलगा डोळे पुसत म्हणाला. "राहायचं!"

"आईचं राहिलं," वकीलबाई म्हणाली.

हसणे थांबले. घड्याळात पाचला दहा मिनिटे होती. सूनबाई म्हणाली, "तुम्ही सगळे इथे म्हणताय, मग मी काय वेगळं सांगणार? तुम्ही म्हणाल..."

"ते वाक्य नाही म्हणायचं!" तिघे एकदम ओरडलो.

तिने मुकाट्याने फ्रेम घातली. मुलाने स्वतःच्या हाताने तिला चकत्या बसवल्या. ज्या बाईसाठी हे सगळे सुरू होते, तिच्या मनात काय आहे हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हते. तिला जायचे असेल, तर आमच्या दोघांच्या 'इथे'ला काय अर्थ होता?

प्रश्न भोंग्याने विचारला, टेबलाखालून बाहेर येऊन, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात. "आई, तुला दुकान हवं की नको?"

सूनबाईने खालचा ओठ चावला. "हवं," ती म्हणाली.

मुलाने मान खाली घातली. मी शनिवारच्या पट्ट्या मनातल्या मनात गुंडाळून ठेवल्या.

"हवं, पण सरांचं नको," ती पुढे म्हणाली, आणि मग तिला थांबवणे कोणाच्या हातात राहिले नाही. "सरांच्या खुर्चीत बसले, तर केस पांढरे झाले तरी मी 'सरांची पोरगी'च राहीन. मला माझं दुकान हवंय. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने जागा सोडलीये ना, ती. मी रोज कामावरून येताना तिच्या काचेला नाक लावून आत बघते. अक्षरांचा तक्ता टांगायला भिंत पुरेल एवढी लांब आहे. बाहेर फुटपाथवर पावलं टाकून मोजलंय मी. एका म्हातारीने विचारलं, काही हरवलंय का? पण सांगणार कोणाला? तुम्ही सगळे परत जायला टपलेले! हा अंगण अंगण करतो, अण्णा उसासे टाकतात..."

"मी अंगण तुझ्यासाठी म्हणत होतो!"

"आणि मी गप्प तुझ्यासाठी होते, शहाण्या!"

तेवढ्यात फोन वाजला.

ती चकत्यांसकट उठली, खुर्चीला धडकली, तिचा हात साखरेच्या भांड्यात गेला. मुलाने फोन उचलून तिच्या तोंडाशी धरला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा सुरू केला.

"सर, मी येत नाहीये," तिने एका दमात सांगून टाकले.

सर म्हणाले, "सगळ्यांना नीट विचारलंस?"

"डोळे झाकून विचारलं, सर."

"आणि अण्णा? त्यांची पत्रं वाचून तर माझ्या पोटात तुटतं गं."

फोन माझ्यापुढे आला. विद्यार्थ्यांसमोर चूक कबूल करायला मला कधी लाज वाटली नाही, पण त्या दिवशी कान तापले. "सर, ते वाक्य... तसं लिहायचा प्रघात असतो."

"प्रघात?" सर म्हणाले. "अहो, तुमच्या प्रघातापायी मी दुकानाला रंग काढला! हिच्यासाठी म्हणून पिवळा!" मग ते खोकले, आणि त्या खोकल्याचे हसू झाले. "बरं, रंग छान दिसतोय. मीच बसतो पिवळ्यात. घरचे म्हणत होते बस करा, म्हणून थकलो म्हटलं. तितका काही थकलेलो नाही मी." थोडे थांबून ते म्हणाले, "पण पोरी, तू आली असतीस तर मला आवडलं असतं."

"ठाऊक आहे, सर," सूनबाई म्हणाली. एका काळ्या चकतीखालून पाण्याची रेघ गालावर आली. ती तिने पुसली नाही.

फोन ठेवल्यावर भोंगा म्हणाली, "चला ना, दुकान बघू!" आणि आम्ही पाचही जण घरातल्या चपलांवर जिना उतरलो. सूनबाईने फ्रेम कपाळावर सरकवली होती, ती काढायची कोणाला आठवणच नव्हती. कोपऱ्यावर पोचलो आणि पाच नाके काचेला लागली. आत न्हाव्याची एक खुर्ची, एक फुटका आरसा, आणि जमिनीवर केसांचा एक बारीकसा ढीग.

"भिंत बघ," सूनबाई म्हणाली.

"लांब आहे," मुलगा म्हणाला. "आणि हे बघ, दरवाजाची बिजागरी मी अर्ध्या तासात ठीक करीन."

"आजोबांना मागची बाजू द्या," वकीलबाई म्हणाली. "मुलांचे डोळे तपासून होईपर्यंत बाकीच्यांना अपूर्णांक."

दारावर घरमालकाचा नंबर चिकटवला होता. उन्हाने इतका विटलेला, की आम्हाला तिघांना तीन वेगळे आकडे दिसले. सूनबाईने आम्हाला बाजूला सारले, एकदाच पाहिले आणि फोन लावला.

"नमस्कार," ती इथल्या भाषेत म्हणाली. "कोपऱ्यावरची जागा अजून रिकामी आहे का?"

पलीकडच्या माणसाने "हो" म्हटले असावे, कारण भोंगा अशी काही वाजली, की सूनबाईला पुढची दोन मिनिटे त्याला समजावून सांगावे लागले, की नाही हो, अपघात वगैरे काही झालेला नाही, सगळे सुखरूप आहेत, आणि आत्ता, या क्षणी, चावी घेऊन येता का?