आधी चांगुणाबाईचं नाव

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेन एवढा मी एक रेकॉर्डर आहे. आता जुना झालो आहे, कानाने थोडा मंदही. मला डोळे नाहीत. पाहिलेलं काही मी सांगू शकत नाही, पण माझ्यासमोर जे बोललं गेलं ते मी एक अक्षरही इकडचं तिकडे न करता जपून ठेवलं आहे. त्या बाबतीत मला थोडा गर्व आहे, तो तुम्ही चालवून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते पनवेलचं दुकान, आणि "आवाज स्वच्छ येईल ना हो यात?" असं विचारणाऱ्या फराह मॅडम. त्या खालापूरच्या. कर्जतच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि सुट्टी मिळाली की लग्नाची गाणी गोळा करत गावोगाव हिंडायच्या. दुकानदाराने मला चालू करून दाखवलं, मॅडमनी माझ्यातून स्वतःचा आवाज ऐकला आणि हसून मला पर्समध्ये टाकलं.

तिथून माझे कामाचे दिवस सुरू झाले. कर्जतहून कशेळे, कशेळ्याहून भरगच्च जीपने आतली गावं. मांडवातली गडबड, पाट्यावर वाटली जाणारी हळद, कोंबडे, रडणारी पोरं, हे सगळं माझ्या कानावर यायचं. मॅडमचा एक शिरस्ता होता. गाणं सुरू होण्याआधी त्या मला गाणाऱ्या बाईच्या तोंडापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "आधी तुमचं नाव, गाव आणि कुणाकडून शिकलात ते सांगा. मग गाणं."

पुष्कळ बाया लाजायच्या. "गान्याला कसलं नाव, मॅडम?" म्हणायच्या. येसूबाईला मात्र हे सांगावं लागलं नाही. येसूबाई कशेळ्याच्या आतल्या एका गावची धवलारीण, म्हणजे लग्नात विधीची गाणी गाणारी. तिचा आवाज जाड आणि भरदार होता. तिची स्वतःचीच रीत होती. ती आधी म्हणायची, "चांगुणाबायनं शिकवलं, चांगुणाबायच्या नावानं उगडते," आणि मगच गाणं उघडायची, म्हणजे सुरू करायची. एका बैठकीत दहा गाणी झाली तरी दहाही वेळा हे नाव यायचं.

मॅडमनी एकदा विचारलं, "दर वेळी कशाला घेता हो नाव? एकदा घेतलं की झालं."

"नाय मॅडम," येसूबाई म्हणाली. "तिला पोर ना बाळ. घर व्हतं तं पडलं. तिचं मागं कायच नाय. मी नाव घेते तवर ती हाय. तुमी लिवनार ना ह्ये सगलं? मंग तिचं नाव येकदा कागदाव लिवा. मी काय कायमची गाया नाय."

"लिहीन," मॅडम म्हणाल्या. ते 'लिहीन'सुद्धा माझ्या पोटात आहे.

पण मॅडमचं लिहून झालं नाही. घरचं आजारपण, कॉलेजचं काम, मग निवृत्ती. दरम्यान ज्याच्या त्याच्या हाती फोन आले. फोनमध्ये गाणं रेकॉर्ड होतं, फोटो निघतो, वर गप्पाही मारता येतात. माझ्यासारख्या एकच काम करणाऱ्या यंत्राला कोण विचारतो? मी टेबलाच्या खणात गेलो. सेल माझ्या पोटातच राहिले आणि फुटले. तुम्ही खेळणं ठेवून देताना सेल काढता का? काढत जा. फार जळजळ होते.

किती पावसाळे गेले कोण जाणे. एक दिवस खण उघडला. कुणीतरी माझं पोट कापसाने पुसलं, नवे सेल घातले. समोर एक तरुण आवाज होता. ती हर्षला. कर्जतजवळच्या गावातली, एम.ए. करणारी. लग्नगीतांवर लघुप्रबंध लिहायला घेतला होता तिने.

फराह मॅडम तिला म्हणाल्या, "हर्षला, यात जे आहे ते माझं नाही. माझ्याकडे विश्वासाने ठेवायला दिलेलं आहे. लागेल तेवढं घे, पण कुणाचं ते सांगत जा. शब्द जसेच्या तसे घेतलेस तर अवतरणचिन्हात टाक. आपल्या शब्दांत मांडलंस तरी तळटीप दे. शब्द बदलले म्हणून विचार आपला होत नाही."

"हो मॅडम," हर्षला म्हणाली. तुम्ही वर्गात म्हणता ना, अगदी तसंच.

ती वाईट मुलगी नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुस्तकांच्या बाबतीत तर फार काटेकोर होती. लेखकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक हे सगळं ती मोठ्याने वाचून तपासायची. चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. तिने माझ्यातली गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि उतरवलेली प्रत साफ करायला बसली. खोकला कापला. भांड्यांचा आवाज कापला. कोंबडा कापला. त्याच सपाट्यात प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीचं चांगुणाबाईचं नावही कापलं, कारण ते गाणं नव्हतं, नुसतं बोलणं होतं. प्रत्येक गाण्याखाली लिहिताना ती म्हणायची, 'पारंपरिक'.

आणखी एक गोष्ट झाली. येसूबाईचं एक हळदीचं गाणं होतं, उल्हास नदीच्या पाण्याला उद्देशून.

उल्हासाच्या पान्या रं, जरा थांब अंगनी,
नवरी माजी न्हाती रं, हळदीच्या रंगानी.

गाणं झाल्यावर मॅडमनी विचारलं होतं, पाण्याला थांब का म्हणतात? येसूबाईने सांगितलं होतं, "पानी खाली गेलं का मागं येत नाय. लेकीनं तरी मागं यावं, म्हून पान्याला थांब म्हनायचं." हर्षलाने हे ऐकलं आणि लिहिताना मोठ्याने म्हणत गेली, "खालच्या दिशेने वाहणारे पाणी परत फिरत नाही. लेकीने मात्र माहेरी परत यावे, या इच्छेतूनच पाण्याला विनवणी केलेली दिसते." वाक्य छान झालं. तळटीप मात्र ऐकू आली नाही.

काही दिवसांनी ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "अगं, सरांनी त्या पाण्याच्या परिच्छेदाशेजारी लिहिलंय, 'हे तुमचं स्वतःचं निरीक्षण फार उत्तम.' मी काहीच बोलले नाही. आणि सॉफ्टवेअरमधून तपासणी झाली. चोरी जवळजवळ शून्य!"

मित्रांनो, मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ते सॉफ्टवेअर बिचारं जगभरच्या छापील आणि इंटरनेटवरच्या मजकुराशी ताडून पाहतं. येसूबाईचं बोलणं तिथे कुठून सापडणार? ते फक्त माझ्याकडे होतं. आणि मला आपणहून बोलता येत नाही. कुणीतरी बटण दाबावं लागतं.

प्रबंधाच्या प्रती बांधून झाल्या. जमा करायच्या आधी एक प्रत येसूबाईला दाखवावी म्हणून हर्षला निघाली. परतीच्या वाटेवर मला मॅडमकडे परत द्यायचं होतं, म्हणून मीही पिशवीत होतो. कशेळ्यात उतरून ती दुसऱ्या जीपने गावात गेली.

दार येसूबाईच्या नातीने, जागृतीने उघडलं. हर्षलाने येण्याचं कारण सांगितलं, तशी ती म्हणाली, "ये गं ताई. आजी खाटेवर हाय. मागच्या वर्साला झटका आला, तवापासून वाचाच गेली. समजतं सगलं, बोलता नाय येत."

मी आतून कानोसा घेतला. तो जाड, भरदार आवाज कुठेच नव्हता. नुसता श्वास येत होता.

हर्षला हळूच म्हणाली, "आजी, तुमची गाणी पुस्तकात आली. ऐकवते हं." तिने लॅपटॉपवर हळदीचं गाणं लावलं. 'उल्हासाच्या पान्या रं' असं सुरू झालं आणि खाटेच्या लाकडावर थाप पडली. मग आणखी एक. मग थापांवर थापा.

"आनंद झाला वाटतं त्यांना," हर्षला म्हणाली.

"नाय गं ताई, बंद कर. रडते ती." जागृती खाटेजवळ गेली. "काय झालं आजी? गानं नको?" थाप पडली. "गानं हवं?" पुन्हा थाप. थोड्या वेळाने जागृतीच म्हणाली, "ताई, ह्ये असं मधूनच कसं सुरू झालं? आदी चांगुणाबाय येते ना."

"ते गाण्यात नव्हतं. नुसतं बोलणं होतं, म्हणून मी कापलं."

"कापलं?" जागृतीचा आवाज एकदम बदलला. "आजी त्याच्याबिगर कवा गायलीच नाय. मी नाव घेते तवर ती हाय, असं म्हनायची. आता आजीची वाचा गेली. आन तू पन नाव काढून टाकलंस, तं मंग ती बाई ऱ्हायली कुठं?"

मग पिशवीची चेन वाजली आणि मी बाहेर आलो. हर्षलाने बटण दाबलं, पण माझे सेल उतरले होते. मी नुसता घरघरलो. मला माझीच लाज वाटली. "थांब," म्हणत जागृतीने टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून आणले. बटण पुन्हा दाबलं गेलं.

माझ्यातून कोंबडा आरवला. भांडं वाजलं. आणि येसूबाई म्हणाली, "चांगुणाबायनं शिकवलं, चांगुणाबायच्या नावानं उगडते."

खाटेवरून त्याच वेळी एक आवाज आला. त्यात अक्षर एकही नव्हतं, पण नुसत्या चढउतारावरून मला कळलं की येसूबाई ते नाव घेत होती. मी आयुष्यभर गाणी ऐकली, मित्रांनो, पण त्या आवाजाइतकं मला काहीच लागलं नाही.

गाणं संपलं. मला कुणी थांबवलं नाही, म्हणून मी पुढे चालत राहिलो. "पानी खाली गेलं का मागं येत नाय. लेकीनं तरी मागं यावं..." माझ्या जवळच कुणीतरी हुंदका आवरला. ती हर्षला होती. बांधलेल्या प्रतीतलं पान फाडल्याचाही आवाज आला.

मग ती अंगणात जाऊन फोनवर बोलली. तिच्या हातात मी अजून होतो. "सर, ते पाण्याचं निरीक्षण माझं नाही. येसूबाईंचं आहे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं... हो सर, बांधून झालंय, माहीत आहे मला... नाही, शुद्धिपत्र जोडून भागणार नाही, सगळ्याच गाण्यांचं तसं झालंय. मी यंदा देत नाही. पुढच्या सत्रात देईन." घरी काय सांगायचं, ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस ती माझ्यासमोर बसली. मी सांगायचो, ती लिहायची. या वेळी तिने काहीही कापलं नाही. नंतर नवी प्रत घेऊन आम्ही पुन्हा त्याच खाटेशी गेलो आणि तिने पहिलंच गाणं वाचून दाखवलं. "गाणारी: येसूबाई. शिकवणारी: चांगुणाबाई. ध्वनिमुद्रण: फराह मॅडम." खाली गाव आणि वर्ष होतं. पाण्याचा अर्थ आता येसूबाईच्याच बोलीत, अवतरणचिन्हांत होता. वाचून झालं, पण खाटेवर थाप पडली नाही. जागृती म्हणाली, "हात ठेवलाय तिनं. चांगुणाबायच्या नावावर."

मित्रांनो, तुम्ही प्रकल्प लिहाल, निबंध लिहाल. पुस्तकातून घ्या, माणसांकडून घ्या, जरूर घ्या. घेतल्याशिवाय कुणाचंच लिहिणं होत नाही. पण ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव तिथेच लिहा. पुस्तक असेल तर लेखक आणि पान लिहा, माणूस असेल तर नाव आणि गाव. कुणी तपासणार नसेल, तिथे तर अधिक जपून लिहा. माझ्यासारख्या यंत्रांचा काही भरवसा नाही. सेल फुटतात.

मी आता येसूबाईच्या घरीच असतो. मॅडमनीच तसं सांगितलं. येसूबाई या दिवाळीआधी गेली. परवा जागृतीने मला फळीवरून खाली घेतलं, पुसलं, आणि या वेळी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. मग घसा खाकरून ती म्हणाली, "येसूबायनं शिकवलं. येसूबायला चांगुणाबायनं शिकवलं. दोगींच्या नावानं उगडते."

आणि ती गाऊ लागली.