सोमवारचा शर्ट

दर सोमवारी सकाळी सुभद्राबाईंच्या अंगणातल्या दोरीवर एक पुरुषी शर्ट वाळत असे. निळ्या चौकटीचा, पूर्ण बाह्यांचा. एका बाजूला सुनेची साडी, दुसऱ्या बाजूला सुभद्राबाईंचं नऊवारी आणि शर्ट बरोबर मधोमध, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असा. लोहारद्याच्या आठवडी हाटाला निघालेल्या बायका फाटकाशी थांबून हटकून विचारत, "काकी, अंशुल आया था क्या?"

"आया था ना," सुभद्राबाई पदराला हात पुसत म्हणत. "रात को आया, पहाटे गेला. कारखान्यात सुट्टी कुठे देतात?" हिंदीत सुरू झालेलं त्यांचं उत्तर असं मराठीत येऊन संपायचं, आणि संपताना आवाज जरा चढायचा.

त्यांचा मुलगा अंशुल सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

आता गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा थोडाच राहतो! जुन्या लोकांना ठाऊक होतं आणि ते मुद्दाम विचारत, कारण म्हातारीला उत्तर देताना बरं वाटतं हे त्यांना कळत होतं. नव्या लोकांना खरंच वाटे. सुभद्राबाईंचं घराणं देवासच्या दरबाराबरोबर इकडे आलेलं. पणजसासरे पागेवर होते म्हणे. घोडे गेले, पागा गेली, नवरा यशवंतराव गावात पिठाची चक्की चालवता चालवता गेला. नाक मात्र शाबूत राहिलं होतं. मुलानं बायकोला टाकलं हे त्या नाकाला सोसणारं नव्हतं.

अंशुल पीथमपूरला कारखान्यात लागला तेव्हा पहिली दोन वर्षं दर महिन्याला यायचा. मग दिवाळीला. मग नुसता फोन. मग फोनही नाही. एकदा सुभद्राबाईंचा भाचा मानाजी कामासाठी पीथमपूरला जाऊन आला आणि ओट्यावर बसून, चहा गार होऊ देत, खाली मान घालून सांगता झाला की अंशुलचं तिकडे बिऱ्हाड आहे, बाई आहे, लहान पोरही आहे. सुभद्राबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "बारीक झालाय का रे?"

सून अल्पना दाराआड उभी होती. तिनंही ऐकलं. त्या संध्याकाळी सासूसुनांनी रोजच्यासारखी भाकरी खाल्ली आणि तो विषय पुन्हा त्या घरात निघाला नाही. अल्पनाचं माहेर धारचं, पण आईवडील राहिले नव्हते, आणि भावाच्या घरी तिच्या नावाची एक खाटही नव्हती. ती इथेच राहिली. लोकांच्या साड्यांना फॉल लावायची, शेजारच्या पोरांचा अभ्यास घ्यायची. तिला स्वतःला मूल नव्हतं. कुणाचंही रडतं पोर तिच्या कडेवर गेलं की गप्प व्हायचं, आणि ते परत देताना तिचे हात जरा रेंगाळायचे. सुभद्राबाईंना ते दिसे, आणि त्या दुसरीकडे बघत.

गावच्या अंगणवाडीतली कार्यकर्ती निवृत्त झाली आणि जागा निघाली, तेव्हा अल्पनाच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी काहीतरी हललं. नियम साधे होते. बाई त्याच गावची रहिवासी हवी, बारावी पास हवी, पस्तिशीच्या आत हवी. अल्पना चौतिशी पुरी करत आली होती. म्हणजे या खेपेला नाही, तर कधीच नाही. गावात बारावी झालेल्या सुना आणखीही होत्या आणि त्यांचे गुण अल्पनापेक्षा बरे होते. पण विधवेला आणि नवऱ्यानं टाकलेल्या बाईला निवडीत वरचे गुण मिळत. त्यासाठी पंचायतीचा दाखला लागे.

अल्पनानं जेवताना, ताटातून नजर न उचलता सांगितलं. "आत्याबाई, दाखल्यावर ‘परित्यक्ता’ लिहावं लागेल. पंच सह्या करायला तयार आहेत. तुम्ही नको म्हणालात तर मी फॉर्म भरत नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सुभद्राबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "भर. ऑफिसातला कागद काही गल्लीत फिरायला येत नाही."

आणि इथेच त्यांची चूक झाली. कागदावर एक आणि दोरीवर एक, असं दोन्ही सांभाळता येईल असं त्यांना वाटलं. कागद कचेरीत गेला. पुढच्या सोमवारी शर्ट दोरीवर गेला.

पहिली यादी लागली तेव्हा अल्पनाचं नाव सगळ्यांत वर होतं. तिच्या खाली उमाशंकरच्या सुनेचं. उमाशंकरचं किराण्याचं दुकान सुभद्राबाईंच्या घरासमोरच. चारेक वर्षांपूर्वी तो नेमावरकडून इथे येऊन बसलेला. माणूस वाईट नव्हता, मापात कधी हात मारत नसे. यादी लागली की कुणाची हरकत असेल तर ती घेण्यासाठी मुदत असते. त्या मुदतीत उमाशंकरनं हरकत घेतली आणि घेऊन झाल्यावर स्वतःच्या पायांनी सांगायला आला. फाटकाच्या आतसुद्धा आला नाही.

"काकी, दुश्मनी कोई नी है," तो चप्पल घासत म्हणाला. "पर आप ही तो बोलते हो, अंशुल भिया आवे है. हर सोमवार शर्ट सूखता है, मैं खुद देखूं हूँ. मोबाइल में फोटू भी है. जिसका घरवाला आता-जाता हो, वो छोड़ी हुई कैसे हुई? मेरी बहू का हक मारा जा रिया है. झूठ बोल रिया हूँ तो बोलो."

सुभद्राबाईंनी मागे वळून दोरीकडे पाहिलं. तो एक अक्षर खोटं बोलत नव्हता. खोटं दोरीवर होतं आणि ते त्यांच्याच हाताचं होतं.

तहसीलच्या दफ्तरात सुनावणीचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी अल्पना अंगणात गहू निवडत बसली होती. सुभद्राबाई तिच्यासमोर येऊन बसल्या आणि सुपात हात घालून उगाच खडे शोधू लागल्या.

"तुम्ही यायची गरज नाही, आत्याबाई," अल्पना म्हणाली. "पंच आहेत. होईल ते होईल."

"नाही व्हायचं. पंचांनी सह्या दिल्या, पण फोटोसमोर सही काय टिकणार?" सुभद्राबाईंनी एक खडा बाजूला टाकला. "तू मला कधी बोलली का नाहीस गं? एकदा तरी म्हणायचं, पुरे करा हे सोंग. फॉर्म भरलास तेव्हा तरी."

अल्पनाचे हात थांबले.

"खूपदा जिभेवर आलं," ती म्हणाली. "पण सोमवारी मी हँडपंपावरून पाणी घेऊन वळते ना, तेव्हा आधी तो शर्ट दिसतो. मला माहीत असतं, तुम्हीच वाळत घातलाय. तरी एक क्षण वाटतं, आले. रोज नाही, सोमवारीच. मग मी घागर सावकाश आणते, तो क्षण सरू नये म्हणून. तुम्ही शर्ट काढला असता तर माझा सोमवारही गेला असता."

सुभद्राबाईंना वाटत आलं होतं की वाट पाहणारी या घरात एकटी आपणच. सून तरुण आहे, चीड असेल तिच्या मनात, विसरली असेल. आज कळलं की एकाच दोरीला दोघी लटकलेल्या होत्या. त्यांनी सुपातला हात काढून सुनेच्या गुडघ्यावर ठेवला. दोघीही रडल्या नाहीत. अंधारून येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुभद्राबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती.

दफ्तरातल्या अधिकारी बाई चष्मा लावलेल्या, शांत, बोलायला सरळ. त्यांनी आधी उमाशंकरचं ऐकलं. मोबाइलमधले फोटो पाहिले. एकात शर्ट, दुसऱ्यात शर्ट, तिसऱ्यातही तोच. मग त्यांनी फोन सुभद्राबाईंसमोर धरला.

"माताजी, ये शर्ट किसका है?"

"मेरे बेटे का."

अल्पनानं डोळे मिटून घेतले. पंच एकमेकांकडे बघू लागले. उमाशंकरनं सुस्कारा टाकला.

"पर..." सुभद्राबाई हिंदी जुळवू लागल्या आणि अडखळल्या.

"आप मराठी में ही बोलो," अधिकारी बाई म्हणाल्या. "इंदौर में पली हूँ, समझ लेती हूँ."

सुभद्राबाईंनी पिशवीतून शर्ट काढला आणि टेबलावर पसरला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"बाईसाहेब, कॉलर बघा. माणूस जो शर्ट घालतो, त्याची आधी कॉलर जाते, मग कोपर. याच्या कॉलरीला ना घामाची रेघ, ना झिजलेली कड. रंग तेवढा उडालाय, तो उन्हानं. दिवाळीला येतो म्हणाला होता, म्हणून मी लोहारद्याहून घेतला. तो आला नाही. हा शर्ट त्याच्या अंगाला एकदाही लागलेला नाही. सहा वर्षं मी कोरा शर्ट धुतेय. धुते, वाळत घालते आणि लोकांना सांगते, आला होता." त्यांनी श्वास घेतला. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना नाकाची फिकीर वाटली नाही. "उमाशंकर खरं बोलतोय. खोटी मी आहे. माझ्या मुलानं हिला टाकली. त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे, पोर आहे. ही नवऱ्यानं टाकलेली बाई आहे, हे मी, त्याची आई, सांगतेय. त्यानं मलाही टाकलं, पण त्याचे गुण तुमच्याकडे मिळत नसतील."

अधिकारी बाईंनी चष्मा काढला आणि उगाच पुसला. उमाशंकर पुढे झाला. शर्टाच्या कॉलरीवरून त्यानं एक बोट फिरवलं, जणू भाव करायला घेतलेलं कापड तपासतोय. दुकानदारच तो, कापड खोटं बोलत नाही हे त्याला कळत होतं.

"काकी," तो हळूच म्हणाला, "अपने को तो सच्ची लगा था."

"लागणारच. मी मन लावून करत होते."

त्यानं हरकत मागे घेतली. परतताना बस खच्चून भरलेली होती. त्यानं आपली जागा सुभद्राबाईंना दिली आणि स्वतः दारात उभा राहिला. अल्पना वाटभर सासूच्या खांद्याला धरून उभी होती.

पुढे निवड झाली, हुकूम आला. एका सोमवारी अल्पना ठेवणीतली साडी नेसून अंगणवाडीत रुजू व्हायला निघाली. नाक वाहणारी, चड्डी सावरणारी पोरं फाटकाबाहेरच तिची वाट बघत होती. एक चिमुरडी तर तिच्या पदरालाच लोंबकळली. फाटकातून सुभद्राबाईंनी ते बघितलं आणि त्यांना हसू आलं. मग त्या आत वळल्या.

अंगणातल्या दोरीवर आज एक लुगडं आणि एक साडी होती, मध्ये मोकळी जागा. बायका हाटाला निघाल्या. सुनावणीत काय झालं ते गावभर झालेलंच होतं. बायका फाटकाशी आल्या, "राम राम काकी" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. कुणी काही विचारलं नाही.

आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. झाकायचं काही उरलं नव्हतं. पण सुभद्राबाई फाटक धरून उभ्याच राहिल्या. ‘अंशुल आया था क्या?’ त्या एका प्रश्नासाठी त्यांचा जीव तुटू लागला. ‘आया था’ म्हणायच्या ना, तेवढ्यापुरता तो खरंच येऊन जायचा. रात्री जेवून, पहाटे चहा घेऊन, आईच्या पाया पडून. खोटं होतं, पण आठवड्याला एकदा मुलगा घरी येत होता. आता तो येणार नव्हता.

दुपारी अल्पना परत आली. अंगावर खिचडीचे डाग, केसांत कुणीतरी खोचलेलं कण्हेरीचं फूल. "आत्याबाई," हाका मारत ती मागच्या दारापर्यंत आली आणि थांबली. घराच्या पाठीमागे, जिथे रस्ता नाही, शेजार नाही, नुसती गोवऱ्यांची रास आहे, तिथे तारेवर तो निळ्या चौकटीचा शर्ट वाळत होता. सुभद्राबाई तारेखाली पायरीवर बसल्या होत्या. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"आता कुणाला दाखवायचाय?" अल्पनानं विचारलं.

"कुणाला नाही गं," सुभद्राबाई म्हणाल्या. "हाताला सवय. सोमवार आला की..."

अल्पनानं टाचा उंचावून शर्ट तारेवरून काढला, झटकला आणि त्याच्या बाहीत हात घालून ती उलटी करू लागली.

"असा घाला, उलटा करून," ती म्हणाली. "सुलटा वाळवला तर रंग उडतो. आपल्याला काय, आता कुणाला दिसायला नको."

सुभद्राबाई उठल्या आणि त्यांनी दुसरी बाही धरली.