दुसरं ताट कोण रिकामं करतं?

चिरुटांच्या कारखान्यात शुक्रवारी जेवणानंतर गप्पा रंगायच्या. कोणी कोणता सिनेमा पाहिला, रेडिओवर काय ऐकलं, काय वाचलं. त्यातूनच पुढची कादंबरी ठरायची. मग वाचक रिगोबेर्तो उंच खुर्चीवर बसून ती मोठ्याने वाचायचा आणि खाली बसलेली माणसं ऐकत ऐकत तंबाखूची पानं वळायची.

आजवर एनेदीना सुचवेल तीच कादंबरी निवडली जाई. ती तिने आधीच वाचलेली असायची. रोज दुपारी बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या, "सांग ना गं, तो परत येतो का?" एनेदीना नुसती हसायची. त्या हसण्यासाठी ती आपले सगळे रविवार पुस्तकांत घालवत असे.

या शुक्रवारी मात्र नव्याने कामाला लागलेल्या दाल्गिसनेही एक कादंबरी सुचवली. मतं घेतली, तर जिच्या मुलीच्या लग्नाचा केक एनेदीनाने केला होता, त्या ओमेलियाचाही हात दाल्गिसच्या बाजूने वर!

"ओमेलिया, वारं फिरलं वाटतं?"

"नाही गं. तुझ्या कादंबऱ्यांतल्या त्या साखर कारखान्यांच्या वारसांची भांडणं ऐकून कान किटले."

दाल्गिस जिंकली. एनेदीनाला शनिवार-रविवार जेवण गोड लागलं नाही.

सोमवारी वाचन सुरू झालं. वाचलेलं आवडलं की पान कापायचं पातं फळीवर टकटक वाजवायचं, नावडलं की जमिनीवर टाकायचं, अशी तिथली रीत. पातं पडलं की वाचकाने थांबायचं. एनेदीनाने ठरवलंच होतं, पहिलं पान संपलं की पातं टाकायचं.

गोष्टीत दीपगृहाच्या रखवालदाराची बायको होती. नवरा बुडून वर्ष झालं, तरी ती रोज रात्री दोन ताटं वाढायची. आणि रोज सकाळी दुसरं ताट रिकामं असायचं.

पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. एनेदीनाची बोटं रागाने तंबाखूची पानं आवळत होती, कान मात्र दीपगृहात होते. तेवढ्यात तपासनीस फेर्मिनने तिचा एक चिरूट उचलला.

"मावशी, हा चिरूट आहे की टेबलाचा पाय? यातून धूर ओढायला बैल जुंपावा लागेल!"

सगळे हसले. दाल्गिसही हसली. एनेदीनाने पातं उचललं आणि खाडकन जमिनीवर आपटलं.

रिगोबेर्तो थांबला. "काय झालं, एनेदीना? आवडलं नाही?"

दाल्गिसचा चेहरा पडला. आता एक 'नाही' म्हटलं की पुन्हा मतं घ्यावी लागणार होती. एनेदीनाने तोंड उघडलं. पण मग ते ताट?

"दाराला आतून कडी होती का, ते नीट ऐकू आलं नाही," ती गुरकावली. "तेवढं पुन्हा वाच. आणि जरा सावकाश! गाडी चुकतेय का तुझी?"

कारखानाभर टकटक झाली.

दुपारी बायका दाल्गिसभोवती जमल्या होत्या. "सांग ना, कोण जेवतं गं?" दाल्गिस नुसती हसली. एनेदीना कॉफीचा पेला घेऊन जवळून जात होती. ते हसू पाहून ती थबकली.

"मावशी, बसा ना," दाल्गिसने सरकून जागा केली.

"मला काही विचारायचं नाहीये हं," एनेदीना म्हणाली आणि बसली.