संध्याकाळची गोळी

किल्लीवाल्यांना साखरेचा आजार जुना. सकाळी नाश्त्याबरोबर एक गोळी, संध्याकाळी जेवणाआधी दुसरी. बायको होती तेव्हा गोळी हातावर ठेवून समोर उभी राहायची, घशाखाली उतरेपर्यंत हलायची नाही. ती गेल्यावर हे काम लेकीने अंगावर घेतलं. ती दूरच्या शहरात, नोकरी आणि संसार सांभाळून. पण संध्याकाळचा फोन ठरलेला. "बाबा, गोळी घेतली?" "घेतली." मग चार इकडच्या तिकडच्या गोष्टी. किल्लीवाल्यांचा अख्खा दिवस तेवढ्यासाठी सरायचा.

या खेपेला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "काका, दोन्ही औषधं आता एकाच गोळीत मिळतात. सकाळी ही एकच घ्यायची. जुन्या दोन्ही बंद. संध्याकाळची कटकट संपली."

दुसरा कुणी 'सुटलो' म्हणाला असता. किल्लीवाल्यांना मात्र भलतीच काळजी लागली. संध्याकाळची गोळीच गेली, तर लेक फोन कशाला करेल?

तिला यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. इथवर ठीक होतं. पण माणूस सरळ, नको तितका सरळ. "घेतली" म्हणायचं तर घेतलेली हवी; पोटच्या पोरीशी खोटं कसं बोलायचं? मग सकाळची नवी गोळी घेऊनही घरात उरलेल्या जुन्या पाकिटातली एकेक गोळी ते रोज संध्याकाळी गिळू लागले. खरेपणाचं असं अजीर्ण फार थोड्यांना होतं.

व्हायचं तेच झालं. एके दिवशी दुकानात कपाटाची किल्ली कानशीने घासताना हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, समोरच्या एका गिऱ्हाइकाची दोन गिऱ्हाइकं दिसू लागली. त्या भल्या माणसाने साखरेचं पाणी पाजलं आणि दवाखान्यात नेऊन बसवलं.

"काका, जिवावर बेतलं होतं!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. जुनी गोळी घेत होतो, एवढं किल्लीवाल्यांनी कबूल केलं. का, ते मात्र ओठांवर येईना. बाईंनी तिथूनच लेकीला फोन लावून सगळं समजावलं आणि फोन किल्लीवाल्यांच्या हातात दिला.

लेक आधी घाबरली, मग चिडली, मग तिला हायसं वाटलं. "आता एकच गोळी ना? बरं झालं. संध्याकाळी तुमच्यामागे माझी भुणभुण नको."

"हो ना," किल्लीवाले म्हणाले. "तुझीही धावपळ वाचली."

काही दिवस तिने तब्येत विचारायला फोन केले. मग साखर जागेवर आली आणि फोन थांबले. किल्लीवाले ताटाशेजारी फोन ठेवून जेवत. भाजी निवून जाई.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनीच फोन लावला. आपण होऊन असा त्यांनी आजवर कधी लावला नव्हता.

"बाबा? काय झालं? चक्कर आली का?"

"नाही गं. काही झालं नाही."

"मग?"

"असाच केला."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. "मग बोला ना, बाबा," ती म्हणाली.

इतकी वर्षं पहिला प्रश्न तिचा असायचा आणि उत्तर तयार असायचं. त्याच्याशिवाय बोलायला सुरुवात कशी करतात, हे किल्लीवाल्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं. पलीकडे ती फोन धरून होती.

"मला ना," ते म्हणाले, "संध्याकाळी करमत नाही गं."