पुतळाबाईने निवडलेली गळाची काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. माझ्या बुडाशी लाकडी चरखी बसवलेली आहे आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून मोजलेली साठ वाव दोरी मावते. माझ्या शेंड्याजवळ लाखेचा एक ओबडधोबड जोड दिसेल. त्याला कोणी हसलेले मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पुण्याच्या लष्कर भागात एका बुरडाने मला भरीव वेळूपासून घडवले. रेल्वेतल्या एका गार्डसाहेबाने मला विकत घेतले आणि लोणावळ्याला आणले. सुट्टीच्या दिवशी आम्ही वळवणच्या तळ्यावर जात असू. मासा मिळाला की साहेब स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा आणि मासा सुटला की खापर माझ्यावर फोडायचा. पुढे त्याची बदली झाली. जाताना त्याने खाटा, कंदील आणि मी असे सगळेच बाजारातल्या सोपानशेठच्या जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकले.

तिथे मी दोन वर्षे मोडक्या छत्र्यांच्या गर्दीत उभी होते. शेजारी एक चकचकीत काठी होती. तिची चरखी आरशासारखी लखलखायची. येणारा प्रत्येक जण तिलाच हात लावायचा. खोटे कशाला बोलू, मला तिचा फार राग यायचा.

एकोणीसशे चोवीस सालचा भाद्रपद संपत आला होता. डोक्यावर हिरड्याचे पोते घेऊन एक बाई दुकानात आली. ती पवनेकाठच्या ठाकरवाडीतली पुतळाबाई. तिने पोते खाली ठेवले आणि म्हणाली, "शेठ, मोठ्या माशाला गळाची काठी पायजे. चरखीवाली."

सोपानशेठ हसला. "मावशी, हे साहेबलोकांचं काम. तुम्ही हातानं दोरी ओढणारी माणसं."

"हातानं ओढूनच धन्याची दोन बोटं गेली," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याचे नाव बहिरू. ठाकरवाडीच्या रीतीप्रमाणे तो गळाची दोरी बोटांना गुंडाळून बसायचा, म्हणजे मासा दोरी पळवून नेणार नाही. गेल्या वर्षी डोहातल्या एका दांडग्या खडशी माशाने हिसका दिला आणि त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे तुटली. तेव्हापासून बहिरू नदीवर गेला नव्हता. मासळी थांबली आणि सगळ्या घराला घाटाखाली कोळशाच्या भट्ट्यांवर जावे लागले. तिथल्या धुराने सासूबाई, म्हणजे बाया, धापा टाकू लागली. पुन्हा भट्टीवर नेली तर म्हातारी परत येणार नाही, हे सगळ्यांना कळत होते. मागे एकटी ठेवावी तर तिला पाणी कोण देणार? दिवाळीनंतर चार दिवसांनी भट्टीचा मुकादम माणसे न्यायला येणार होता.

शेठने चकचकीत काठी पुढे केली. "ही घ्या. पण हिरड्याची तीन पोती लागतील."

पुतळाबाईने तिच्या चमकीकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने दोरी दोन्ही मुठींत धरून ताणली. ती शेवेसारखी तुटली. शेठचा चेहरा पडला. मग एक जाड सोटा तिने हातात घेतला, वाकवला आणि ठेवून दिला. "ह्यो वाकतच न्हाई. मासा दोरी तोडंल, न्हाईतर मानसाला पान्यात ओढंल."

शेवटी तिने मला छत्र्यांमधून उपसले. माझी दोरी ताणली, चरखी फिरवून कानाशी धरली, मला जमिनीवर टेकवून कमान होईपर्यंत वाकवले. नंतर तिने एक गोष्ट केली, ती मी जन्मात विसरणार नाही. तिने स्वतःच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे मिटली आणि उरलेल्या बोटांनी मला पेलून पाहिले. इतक्या विचाराने मला कोणीच कधी हातात घेतले नव्हते.

"हीच पायजे. येका पोत्याला द्या," ती म्हणाली, आणि शेठने मुकाट्याने दिली.

घरी बहिरूने तोंड फिरवले. "सायबाचं खेळनं मला कशाला?"

"मग मुकादमाला काय सांगू? आईला भट्टीवर घाला म्हून?"

तो उठला. दुसऱ्या दिवशी गळाला खेकडा लावून आम्ही तिघे डोहावर बसलो. दुपारी मासा लागला आणि बहिरूने तेच केले जे तो जन्मभर करत आला होता. त्याने चरखी घट्ट आवळून धरली. मी वाकले, आणखी वाकले आणि कडाड्‌कन माझा शेंडा मोडला. मासा गेला. बहिरू मला टाकून घरी निघाला. मला वेदना झाल्या, त्याहून संताप जास्त आला.

पुतळाबाईने मला उचलले. माझा शेंडा तिने दोऱ्याने बांधला आणि त्यावर लाख ओतली. मग बहिरूला माळावर नेऊन तिने माझ्या दोरीचे टोक स्वतःच्या कमरेला बांधले.

"आता मी मासा हाय. मी पळाले की सोडायचं, थांबले की गुंडाळायचं. आवळायचं न्हाई."

ती उताराने धावली. बहिरूने चरखी आवळली आणि ती तोंडावर आपटली. वाडीतली माणसे खो खो हसली. ती गुडघे झटकून उठली आणि पुन्हा धावली. असे तिने रोज केले, भात पिवळे होईपर्यंत. हळूहळू बहिरूचा अंगठा चरखीच्या कडेवर अलगद टेकायला शिकला.

दिवाळी झाली तरी मोठा मासा लागला नव्हता. मुकादम यायच्या दिवशी गाठोडी बांधून दारात ठेवली होती. बाया त्यांतल्याच एका गाठोड्यावर बसून होती. बहिरू पहाटेच मला घेऊन डोहावर गेला आणि पुतळाबाई त्याच्या मागोमाग आली.

ऊन वर आले तेव्हा दोरीला हिसका बसला. चाळीस वाव दोरी सरसरत गेली. "सोडा!" पुतळाबाई ओरडली. बहिरूचे दात आवळलेले होते, पण अंगठा सैल होता. तो सोडत गेला, गुंडाळत गेला, पुन्हा सोडत गेला. माझा जोड करकरला, मी मात्र हट्टाने तग धरला. बऱ्याच वेळाने तांबूस कल्ल्यांचा, पंधरा शेरांचा खडशी काठाला आला. बहिरू त्याच्याशेजारी मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

वाडीत मुकादम वाट पाहत होता. बहिरू खांद्यावर मासा घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "आमी येत न्हाई. ह्यो मासा लोणावळ्याला सायबाच्या बंगल्यावर इकायचाय, आनि उद्या परत डोहावर जायचंय."

मुकादमाची गाडी घाटाकडे निघून गेली. बायाला नीट ऐकू येत नसे. तिने सुनेला विचारले, "गेली का गं गाडी?"

"गेली, आत्याबाई."

"मंग उठते मी. माजं हातरून हाय त्या गाठोड्यात, सोड ते," म्हातारी म्हणाली.

मित्रांनो, त्याला वीस वर्षे झाली. बाया त्यानंतर सात वर्षे जगली आणि आपल्याच अंथरुणावर गेली. माझे एवढेच मागणे आहे की माझी दोरी ओली ठेवू नका आणि चरखीला तेल द्यायला विसरू नका. आणि नवी काठी घ्यायला कधी बाजारात गेलात, तर ती कोणाच्या हाती द्यायची आहे ते घरून निघतानाच मनात धरा.