धोक्याच्या पाटीची बदली

मित्रांनो, माणसांचे प्राण वाचवणे हेच माझे जीवितकार्य आहे. आजवर मी मुख्यतः चंद्रहासकाकांची पार्किंगची जागा वाचवली.

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. वर कवटी, तिच्याखाली दोन हाडं आणि लाल अक्षरांत इंग्रजी शब्द, 'डेंजर'. लखनौतल्या निशातगंजच्या पेंटरने कवटी जरा हसरी काढली, त्याला माझा इलाज नाही. पुढे तिथल्याच एका कॉलनीच्या क्लबात, भिंतीवरच्या वीजपेटीवर मला बांधलं. पेटीला दार नव्हतं, आत उघड्या तारा होत्या. दारापेक्षा मी स्वस्त पडले.

सुरुवातीला लोक मला पाहून मागे सरत. मग त्यांना माझे इतर उपयोग कळले. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की मला तिथे नेत, बाकाला रंग दिला की बाकावर ठेवत.

"आजोबा, डेंजर मतलब?" छोट्या अनन्याने एकदा विचारलं.

"म्हणजे आपलं आहे, दुसऱ्याने हात लावायचा नाही," मराठी मंडळाचे अध्यक्ष असलेले तिचे आजोबा, चंद्रहासकाका म्हणाले आणि त्यांनी मला आपल्या गाडीच्या जागेवर उभं केलं. काम झालं की परत पेटीवर बांधत, एवढं मात्र मान्य करायला हवं.

मागच्या गणेशोत्सवात मखर नेमकं पेटीसमोर आलं.

"अहो, फोटोत बाप्पाच्या डोक्यामागे कवटी येतेय!" काकांच्या पत्नी उल्काकाकू म्हणाल्या.

"काढ ती. मागे पडदा सोड."

"आणि तारा?"

"अगं, सबको पता है यार!"

सुजयला पता नव्हतं. तो संशोधनासाठी नुकताच नागपूरहून आला होता. आरतीनंतर त्याचं तबलावादन होतं.

"सुजय, पडदा वाकडा दिसतोय रे. जरा मागून ओढ ना," काकू म्हणाल्या.

त्याने मागे उजवा हात घातला.

मी खिडकीबाहेर, पुन्हा काकांच्या गाडीपुढे उभी होते. किंकाळी ऐकू आली आणि दिवे गेले. पाठोपाठ काकांचा आवाज आला, "अरे, प्रसाद झाकून ठेवा!"

सुजय वाचला. दोन बोटं कापावी लागली.

तो घरी आल्यावर मंडळाने सभा घेतली. मला परत पेटीवर बांधून हार घातला. दोन मिनिटं शांतता पाळली, बोटामागे एक. सुजय पहिल्याच रांगेत बसला होता.

"डावा हात शाबूत आहे ना? मग झालं तर," काका त्याला म्हणाले.

"काका, तबला दोन्ही हातांनी वाजवतात."

"अच्छा."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला जिथे बांधलंय तिथेच राहू द्या. मला पाहून कोणी घाबरलं, तर त्याला घाबरू द्या. माझा जन्म तेवढ्यासाठीच आहे.

पेटीला अजून दार नाही. यंदा तबल्याऐवजी अंताक्षरी ठेवली आहे.