सासूबाईंचा जबाब

खटला निकाली निघाला त्या दिवशी वकीलबाईंनी कवळीवालीला कोर्टाबाहेरच्या बाकावर बसवलं, हुकूमनाम्याची नक्कल तिच्या मांडीवर ठेवली आणि बजावून सांगितलं. हा कागद जिवापाड जपायचा. कुणाचा फोन आला तर तोंडी काही बोलायचं नाही, लेखी पाठवा म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. आणि समोरचा कितीही गोड बोलला तरी त्याला एक दमडी द्यायची नाही.

"खटला संपला म्हणजे वसुलीवाले संपले असं समजू नका," वकीलबाई म्हणाल्या. "ते ही फाइल दुसऱ्याला विकतील, दुसरा तिसऱ्याला. पण या कागदाला मुदत नाही. फाइल ज्याच्या हातात जाईल त्याला हा लागू. तुम्हाला, घरातल्या कुणाला, कामाच्या ठिकाणी, कुठेही फोन करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय."

मग उठता उठता त्यांनी आणखी एक सांगितलं. हा सगळा डोलारा तिच्या प्रतिज्ञापत्रावर उभा होता. त्यातलं काही उद्या खोटं ठरलं तर कागद रद्द, आणि वसुलीवाले परत दारात. कवळीवालीने मान हलवली. तिला जे ठाऊक होतं तेच तिने लिहून दिलं होतं, मग खोटं कशाला ठरतंय?

कवळीवाली हे तिचं दवाखान्यातलं नाव. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांचे दात काढायचे आणि मागच्या खोलीत ही त्यांना बसवायचे दात करायची. प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवायचं, त्यात एकेक दात नीट ओळीत रोवायचा, मग गुलाबी हिरडी घासून घासून अशी गुळगुळीत करायची की म्हाताऱ्या माणसाच्या जिभेला कुठे टोचायला नको. बोटं कायम पांढरी. तिच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता आणि डॉक्टरांना ते पक्कं माहीत होतं. म्हणून तर वसुलीवाले येऊन पेशंटांच्या रांगेत बसायचे, नंबर आला की "आम्हाला दात नकोत, मागच्या बाईकडून पैसे हवेत" असं चारचौघांत मोठ्याने सांगायचे, तेव्हाही डॉक्टरांनी तिला कामावरून काढलं नाही. पण एकदा ते म्हणाले होते, की बाई, हे पुन्हा झालं तर मला विचार करावा लागेल. ही नोकरी गेली असती तर दोन माणसांचं घर बसलंच असतं.

कर्ज नवऱ्याचं. तो तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेला आणि महिना उलटायच्या आत पहिला फोन आला. बायकोला या कर्जाचा ताकास तूर लागू दिला नव्हता पठ्ठ्याने. एवढे पैसे गेले कुठे? घरात नवा चमचासुद्धा आला नव्हता. वकीलबाईंनी विचारलं, मग त्याने स्वतःवरच उडवले असतील का? कवळीवाली तेव्हा संतापाने नुसती धुमसत होती. गेलेल्या माणसावर रागावलं की तो उलट बोलत नाही, त्यामुळे राग वाढतच जातो. ती म्हणाली, उडवले असतील, दुसरं काय. मग तसं लिहिलं गेलं: पतीने सदर रक्कम स्वतःच्या चैनीसाठी व व्यसनापायी घराबाहेर खर्च केली, तिचा कोणताही भाग घरासाठी वापरला गेला नाही. 'व्यसनापायी' ही वकीलबाईंची भर. त्याने वजन येतं म्हणाल्या. आलंही. कर्ज देणारी कंपनी अर्ध्यावर तडजोडीला तयार झाली, आणि ते अर्धं फेडता फेडता कवळीवालीच्या नाकी नऊ आले.

प्रतिज्ञापत्र तिने सासूबाईंना दाखवलं नाही. घरात आता त्या दोघीच. म्हातारीला लेकाबद्दल असलं काही वाचायला लावायचं म्हणजे काय? तीन वर्षं खटला चालला, पण सासूबाईंनीही कधी खोदून विचारलं नाही. ही कोर्टातून आली की त्या गपचूप पाण्याचा पेला पुढे करायच्या. कवळीवालीला वाटायचं, बिचारीला या गोष्टी झेपत नाहीत.

आठ महिने कसे सुखाचे गेले. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं ते थांबलं. आणि नवव्या महिन्यात एका सकाळी दवाखान्याच्या फोनवर कुणीतरी तिचं नाव घेऊन बोललं. नवी कंपनी, नवा आवाज, जुनी फाइल. तिने शिकवल्याप्रमाणे लेखी पाठवा म्हटलं आणि फोन ठेवला. वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली. आणि मनात म्हणाली, या आता, कागद आहे माझ्याकडे.

सहा दिवसांनी पत्र आलं आणि तिचं अवसानच गळालं. पत्रात लिहिलं होतं की हे कर्ज अजून जिवंत आहे, कारण मयताच्या घरचे गेले पाच महिने राजीखुशीने हप्ते भरत आहेत. सोबत पाच पावत्या जोडलेल्या. पावत्यांवर हप्तेही भरून घेणाऱ्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा शिक्का, आणि खाली भरणाऱ्याची सही. ती तिरकी सही कवळीवाली दर महिन्याला पेन्शन काढायच्या स्लिपवर बघायची.

घरी येऊन तिने पावत्या सासूबाईंच्या पुढ्यात टाकल्या. अंगातले कपडेसुद्धा बदलले नाहीत. मग जे बोलायचं ते सगळं बोलली. मी तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या त्या कशासाठी, लोकांच्या कवळ्या घासून बोटं सोलवटली ती कशासाठी, आणि तुम्ही घरात बसून माझ्या पाठीमागे त्याच चोरांच्या घशात पैसे घालताय? सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की फोनवरचा पोरगा फार मायेने आजी आजी करायचा. म्हणाला, सुटली ती तुमची सून, तुमच्या मुलाचं नाव अजून बुडव्यांच्या यादीत आहे. थोडं थोडं भरलंत तर यादीतून काढू. आणि सूनबाईला सांगू नका, उगाच काळजी करेल.

"आणि तुम्ही भरलेत."

"नाव त्याचं होतं गं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पेन्शनीतलंच भरलं. तुझ्यातलं काही नाही घेतलं."

कवळीवालीने डोक्याला हात लावला.

वकीलबाई मात्र पावत्या बघून खूश झाल्या. अहो, हे तर आयतंच सापडलंय हातात, म्हणाल्या. हुकूम असताना नातेवाइकाला फोन केला, म्हातारीला फसवून पैसे उकळले. त्याच कोर्टात हुकूम मोडल्याची तक्रार टाकू, भरलेलं सगळं परत मिळेल, वर दंड बसेल, आणि पुन्हा कुणी या फाइलला हात लावायचा नाही. सासूबाईंनी न्यायाधीश साहेबांपुढे इतकंच सांगायचं, की फोन आला, मी गोंधळले, घाबरले, म्हणून पैसे भरले. पाच मिनिटांचं काम. तोवर नव्या कंपनीने डॉक्टरांनाही पत्र धाडलं होतं. डॉक्टरांनी ते कवळीवालीच्या टेबलावर, ओल्या साच्यांच्या शेजारी ठेवलं आणि सुनावणी कधी आहे तेवढं विचारलं.

सुनावणीची खोली लहान होती. भिंतीला लावलेली कपाटं, कपाटांवर धुळीने माखलेले गठ्ठे, आणि पंखा नुसता आवाज करणारा. साहेब वयस्कर, समजूतदार वाटले. त्यांनी सासूबाईंना खुर्ची द्यायला सांगितली. सासूबाईंनी सगळं नीट सांगितलं, फोन कधी यायचा, काय म्हणायचा. कवळीवालीचा जीव भांड्यात पडत चालला होता, तेवढ्यात कंपनीचा माणूस उठला. तरुण होता, शर्ट कडक इस्त्रीचा. त्याने विचारलं, की साहेब, मुलाने पैसे व्यसनात उडवले असतील तर कुठली आई ते राजीखुशीने फेडेल? म्हणजे आधी कोर्टात लिहून दिलेलंच खोटं. आणि त्याने जुनं प्रतिज्ञापत्र काढून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

कवळीवालीने वकीलबाईंचा हात धरला, पण वाचणाऱ्याला थांबवणार कोण? स्वतःच्या चैनीसाठी व व्यसनापायी. सासूबाईंनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. आपण ऐकलं ते खरंच तिथे लिहिलंय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सुनेने नजर खाली घातली आणि त्यांना उत्तर मिळालं.

"साहेब," सासूबाई म्हणाल्या, "त्याने जन्मात विडी ओढली नाही. ते पैसे माझ्या खुब्याला लागले. मी पडले होते ना, ऑपरेशन झालं, तेव्हाचे. घरी त्याने सांगितलं कारखान्याने दिले म्हणून. मला म्हणाला, तिला कळू देऊ नकोस, ती आधीच ओढाताण करते. मी नाही कळू दिलं. पण तो उडवणारा नव्हता."

कंपनीचा माणूस हळूच खाली बसला. त्याला हवं ते त्याच्या मागणीपेक्षा जास्तच मिळालं होतं. कवळीवालीला ते ऑपरेशन आठवलं. कारखान्याचे किती उपकार, असं ती तेव्हा शेजारणींना सांगत फिरली होती. तीन वर्षं. तीन वर्षं ही बाई पाण्याचा पेला पुढे करत होती आणि तोंडातून ब्र काढत नव्हती. तिला रडू आलं आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्या खांद्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आणि नवरा? त्याला ती तीन वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होती.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. प्रतिज्ञापत्र खोटं असेल तर आधीचा हुकूमच तपासावा लागेल, असं ते म्हणाले, आणि त्यांनी सुनेला विचारलं, की सासूबाई सांगतात ते खरं आहे का, तुम्हाला काय म्हणायचंय?

वकीलबाई तिच्या कानाशी आल्या. "म्हणा त्यांना विस्मरण होतं. काहीच्या काही बोलतात म्हणा. नाहीतर कागद गेला, बाई. आणि पाच महिने त्यांनी स्वतः सह्या केल्यात, उद्या त्यांच्या पेन्शनीवरही येतील हे लोक."

कवळीवालीने दवाखान्यातलं टेबल डोळ्यांपुढे आणलं, आणि त्यावरचं पत्र. मग ती उभी राहिली. वर बघून बोलणं तिला जमलं नाही.

"आईंना हल्ली आठवत नाही, साहेब," ती म्हणाली. "काल काय झालं तेही सांगता येत नाही. मुलगा गेल्यापासून असंच. मनाने काहीतरी जोडून सांगतात."

साहेबांनी सासूबाईंना विचारलं, आजी, सून म्हणते ते बरोबर आहे का? सासूबाईंनी सुनेच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "विसरते मी."

निकाल चांगला लागला. वकीलबाई म्हणत होत्या त्याहूनही चांगला. भरलेलं परत मिळालं, दंड मिळाला, डॉक्टरांना कंपनीचं माफीपत्र गेलं. जुना हुकूम कायम राहिला आणि त्याला नवा जोडला गेला: सदर वृद्ध महिलेची स्मृती व समज क्षीण झाल्याने तिच्याशी कोणीही कोणताही व्यवहार परस्पर करू नये, तिची सही ग्राह्य धरू नये, तिच्या वतीने सुनेने सही करावी. यालाही मुदत नव्हती. जन्मभराचं संरक्षण, असं वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या फीचं बिल पुढे केलं.

घरी येताना कवळीवालीने दोनदा तोंड उघडलं. माफ करा म्हणावं की तुम्ही आधी का नाही सांगितलंत म्हणावं, हेच तिला ठरवता येईना. सासूबाईच शेवटी म्हणाल्या, की प्रतिज्ञापत्रातलं ते एक वाक्य खोडता येईल का आता कधी? कवळीवाली म्हणाली, नाही येणार, आई. खोडलं तर सगळंच जाईल. सासूबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. गेलेल्या माणसाचं नाव मात्र त्या दिवसापासून दोघींनीही एकमेकींसमोर घेतलं नाही.

पुढच्या पेन्शनीला दोघी बँकेत गेल्या. खिडकीपाशी बसणाऱ्या बाई सासूबाईंना पंधरा वर्षं ओळखत होत्या; दर महिन्याला दोघी गुडघ्यांबद्दल, भाज्यांच्या भावांबद्दल दोन शब्द बोलायच्या. कवळीवालीने हुकूमनामा खिडकीतून आत सरकवला. बाईंनी तो वाचला, चष्म्यावरून सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि चुकचुकल्या. मग सुनेलाच विचारलं, कधीपासून असं, रात्री झोपतात का, एकटं ठेवता का. कवळीवालीने जमेल तशी उत्तरं दिली आणि सासूबाईंच्या सहीच्या जागी स्वतःची सही केली.

सासूबाई काठी टेकून शेजारीच उभ्या होत्या. खिडकीतल्या बाई पुढे वाकल्या आणि तान्ह्या पोराशी बोलावं तशा एकेक शब्द तोडत, मोठ्याने म्हणाल्या, "आजी, जेवलात का आज?"

"जेवले," सासूबाई म्हणाल्या, आणि बरोबर बोलले ना म्हणून त्यांनी सुनेकडे पाहिलं.